आबा, सरका बाजूला

गाडी शोरूममधून निघते तेव्हा ती कंपनीची असते. ती माणसाची होते माझ्या दुकानात आल्यावर. दौंडला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, गाड्यांची वायरिंग आणि सजावट करायचं माझं दुकान आहे. वीस वर्षांत लोकांनी माझ्याकडून गाडीत जे जे बसवून घेतलंय ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा गडी थापा मारतोय.

रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. शिट्टी झाल्याशिवाय गाडी सुटली असं त्यांना वाटतच नव्हतं. चारी दारं नीट लागली की आपोआप गार्डची शिट्टी वाजेल अशी वायरिंग मी करून दिली. ते आता रोज सकाळी शिट्टी मारून भाजी आणायला निघतात. एका पैलवानाला मऊ सीट सोसेना, म्हणून ड्रायव्हरची सीट काढून तिथं जाड सागवानी पाट बसवला. मेंढरांच्या एका व्यापाऱ्याला हॉर्नला स्वतःच्या लाडक्या बोकडाचा आवाज हवा होता. बोकड दुकानात आणला तर तो तोंड उघडेना. दुपारपर्यंत तीन बाप्ये माणसं त्याच्यापुढं बें बें करत उभी. शेवटी त्याच्या पुढचा पाला काढून घेतला तेव्हा तो असा बोंबलला की सगळी गल्ली गोळा झाली.

माझ्या दुकानाला लागून सीट कव्हर शिवणाऱ्या चाचांचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांनी ह्याच जागेवर टांग्यांच्या गाद्या शिवल्या. कापडाचं काम त्यांचं, वायरीचं माझं, आणि चहा दोघांचा एकत्र. एकदा एक बाई आल्या, शिक्षिका होत्या. आई नुकतीच गेलेली. आईचं नऊवारी त्यांना गाडीच्या छताला आतून लावून हवं होतं. चाचांनी ते पातळ हातात घेतलं, उन्हात धरून बघितलं आणि एकदाही कात्री न लावता, नुसत्या चुण्या घालून छताला बसवलं. काठ बरोबर ड्रायव्हरच्या कपाळावर येईल असा. बाई गाडीत बसल्या, वर बघितलं, आणि बराच वेळ खाली उतरल्याच नाहीत. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की हौसेला कधी हसू नये, तिच्याखाली काय झाकलंय ते आपल्याला माहीत नसतं.

सगळं करतो, पण एक काम मी आता करत नाही. गाडी मागं घेताना वाजायला कुणी स्वतःचा, बायकोचा, पोराचा आवाज भरून मागितला की मी नाही म्हणतो. तो माल संपला, असं सांगतो. माल कपाटात पडून असतो.

माझं गाव इनामगाव, घोड नदीच्या काठाला. घरी शेती, आबा आणि थोरला भाऊ. मी बाविसाव्या वर्षी शेती सोडून दौंडला वायरिंग शिकायला गेलो तेव्हा आबांनी ओट्यावरून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "लोकाच्या गाड्या नटवायला चाललास व्हय? मग घुंगरू बी घिऊन जा." मीही बापाचाच पोरगा. मी म्हणालो, घेऊन जातो, आणि पुन्हा उंबरा चढणार नाही. चढलो, अर्थात. सणावारी, रविवारी जात राहिलो. पण आबांचं आणि माझं बोलणं त्या दिवशी जे तुटलं ते तुटलंच. आम्ही दोघं एकाच ओट्यावर बसायचो आणि मध्ये भाऊ. आबा भावाला म्हणायचे, "त्याला इचार, जेवला का." मी भावाला म्हणायचो, "सांग, जेवलो." भाऊ खो खो हसायचा आणि दोन्ही निरोप पोचवायचा. अठरा वर्षं त्यानं आमचं टपाल वाहिलं. कधी कंटाळला नाही, आणि आम्हाला दोघांनाही त्याची इतकी सवय झाली की हे काही वेगळं आहे असं वाटेनासं झालं.

भाऊ म्हणजे गाड्यांचा वेडा. त्यानं एक पांढरी सात जणांची जीप घेतली होती, जुनीच, पण नव्या नवरीसारखी ठेवायचा. आबांचे गुडघे गेले म्हणून माझ्याकडून तिला एक बुटकी पायरी जोडून घेतली. आबांची काठी अडकवायला आत हूक. पाण्याचा तांब्या सांडू नये म्हणून दोन सीटच्या मध्ये लोखंडी कडं, बरोबर आमच्या घरातल्या तांब्याच्या मापाचं. दुसरा तांब्या त्यात बसायचाच नाही.

त्याची एक सवय सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. कुठंही कुणी गाडी मागं घ्यायला लागला की हा हातातलं काम टाकून गाडीच्या मागं जाऊन उभा. लग्नाच्या मांडवाबाहेर असो, पाटसच्या कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत असो, हा हात हलवत, "येऊ द्या… येऊ द्या…" असं लांबवत म्हणायचा आणि झालं की गाडीच्या अंगावर दोन थापा मारायचा. ओळख असो नसो. लोक म्हणायचे, ह्याच्या भरवशावर डोळे मिटून मागं यावं.

म्हणून मीच त्याला म्हणालो, तुझाच आवाज तुझ्या गाडीला बसवू. माझ्याकडं तेव्हा आवाज भरायच्या काही सर्किट आल्या होत्या. काडेपेटीएवढी वस्तू, दहा सेकंदांचा आवाज मावतो. दोन बटणं. लाल दाबून धरायचं आणि बोलायचं, की आवाज भरला जातो. काळं दाबलं की ऐकू येतो. नवीन भरलं की जुनं पुसलं जातं. ती गाडी मागं घेताना लागणाऱ्या दिव्याच्या वायरला जोडली की गिअर मागं टाकताच आवाज सुरू.

एका रविवारी घरी भरायला बसलो. तर हा म्हणाला, "गाडी हालल्याबिगर मला बोलाया येत न्हाई." मग मी जीपमध्ये बसलो, तो सर्किट तळहातावर धरून मागं उभा राहिला, आणि मी गाडी शेडमधून मागं घ्यायला लागलो. नेमके आबा बादली घेऊन मागून आले. भावानं बटण सोडलं नाही. तसंच भरलं गेलं. "येऊ द्या… येऊ द्या… आबा, सरका बाजूला… येऊ द्या… येऊ द्या…"

ऐकून आम्ही पोट धरून हसलो. मी म्हणालो, परत भर. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, असू द्या की, लई ग्वाड आलंय." राहिलं. त्या दिवसापासून ती जीप पुण्यात, शिरूरच्या बाजारात, कुठंही मागं यायची झाली की आबांना बाजूला सरकायला सांगायची. आबा घरी असले की गालातल्या गालात हसायचे आणि खरंच एक पाऊल सरकायचे.

तीन वर्षांपूर्वी, ऊसतोड चालू असताना, भर सकाळी भावाच्या छातीत कळ आली. वहिनींना तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. शेजारचा पोऱ्या धावत आला, भावाला मागच्या सीटवर निजवलं आणि शिरूरला न्यायला गाडी शेडमधून मागं घेतली. गाडी मागं येताना भावाचा आवाज अंगणभर घुमला. तो आत डोळे मिटून पडलेला, आणि बाहेर त्याचाच आवाज, आबा, सरका बाजूला. वहिनींनी हे मला दोन महिन्यांनी सांगितलं. आबा मागं उभे होते म्हणे. सरकले.

शिरूर गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढचे दिवस मी सांगत बसत नाही, ज्याच्या घरी झालंय त्याला माहीत आहे. दहावं, तेरावं झालं, पाहुणे गेले. आबा बाजेवर पडले ते पडलेच. भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवायचे. मी समोर बसायचो. आमच्या मध्ये आता कुणी नव्हतं, आणि बोलायला तोंड कसं उघडायचं हे मला माहीत नव्हतं. मी वहिनींना म्हणायचो, "आबांना विचारा, दवाखान्यात नेऊ का." वहिनी विचारायच्या. आबा भिंतीकडं तोंड करायचे.

चौदाव्या दिवशी कुणीतरी जीप उन्हात काढायला म्हणून चालू केली आणि गिअर मागं टाकला. "येऊ द्या… येऊ द्या…" चुलीपाशी बसलेल्या बायका ओरडल्या. वहिनींनी कानावर हात ठेवले. मी वायर उपटायला धावलो, आणि जागच्या जागी थांबलो. आबा बाजेवरून उठले होते. काठी न घेता. ते अंगणात आले, गाडीच्या मागं उभे राहिले, आणि "आबा, सरका बाजूला" झाल्यावर एक पाऊल डावीकडं सरकले. मग आत गेले आणि त्या दिवशी पहिल्यांदा भाकरी खाल्ली.

त्या दिवसानंतर वहिनींनी गाडी शिकून घेतली. शिरूरला कामाला जाताना त्या नेऊ लागल्या, पण सुट्टीच्या दिवशीसुद्धा, कुठं जायचं नसताना, दहा पावलं मागं आणि दहा पावलं पुढं अशी गाडी काढायच्या. आबा यायचे, सरकायचे, जेवायचे. गावात कुजबूज झाली, म्हातारा भ्रमला, घरात भूत पाळलंय. आबांच्या कानावर गेलं असणार. तरुणपणी ते गावच्या टेकाडावर जुन्या वस्तीच्या खोदकामाला मजुरीवर होते. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं, घराच्या जमिनीतच मेलेल्याला पुरायची, आणि मोठ्या माणसाचे पाय घोट्यापाशी तोडायची, उठून निघून जाऊ नये म्हणून, असं तिथले साहेब सांगायचे. एरवी आबा ही गोष्ट हसत सांगायचे. त्या काळात एकदा वहिनींना म्हणाले, "शाणी हुती ती माणसं. आपलं माणूस घरातच ठिवायची." वहिनींनी हे मला फोनवर सांगितलं.

आठ-नऊ महिने असं चाललं. मग पावसाळ्यात स्पीकरमध्ये पाणी गेलं. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, त्यांचा आवाज घोगरा येतोय. आबा सरकत न्हाईत, नुसतं बघत ऱ्हात्यात. जेवले बी न्हाईत." दुसऱ्या दिवशी त्या जीप दौंडला घेऊन आल्या, माझ्याकडं सोडली आणि एसटीनं परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "जपून हं. तेवढंच हाय त्यांचं." खरंच तेवढंच होतं. भाऊ व्हॉट्सअपवर नुसता अंगठा पाठवणारा माणूस. लग्नाच्या व्हिडिओत त्याच्या तोंडावर बँड वाजतोय. बाकी सगळं आयुष्य तो बोलला आणि ते हवेत गेलं.

काम क्षुल्लक होतं. नवीन स्पीकर लावला, वायर साफ केली. आता ऐकून बघायचं. इथं मला एक सांगितलं पाहिजे. त्या पहिल्या सर्किटनंतर माझ्याकडं जो माल आला त्याची बटणं उलटी होती. लाल ऐकायचं, काळं भरायचं. अशा शेकड्यांनी सर्किट मी वर्षभरात बसवल्या होत्या. डोकं जुनं विसरलं नव्हतं, पण हाताला डोकं नसतं. मी चाचांशी बोलता बोलता अंगठा लाल बटणावर दाबला आणि आवाज का येत नाही म्हणून आणखी जोरात दाबून धरला.

दहा सेकंद. मग काळं दाबलं तर माझ्याच दुकानातला पंखा ऐकू आला, चाचांची शिलाई मशीन, लांबून इंजिनाची शिट्टी, आणि माझा आवाज, "आयला, येत का नाही?"

खिशात मोबाइल होता. आधी त्यावर एकदा उतरवून घ्यायला काय झालं होतं मला? वीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवणारा मी. त्या सर्किटच्या लाल बटणावर मी नंतर काळी चिकटपट्टी गुंडाळली. बैल गेला आणि झोपा केला. त्या क्षणी मात्र मी सर्किट हातात धरून खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. भाऊ गेला त्या दिवशी मी रडलो नव्हतो, सगळं सांभाळायचं होतं म्हणून. तो दुसऱ्यांदा गेला, आणि ह्या वेळी माझ्या अंगठ्याखाली गेला. चाचांनी मशीन थांबवली, शटर अर्ध्यावर ओढलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

खरं सांगून टाकायचं होतं. तेवढं सोपं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ते ताट येत होतं, तुकडा मोडून ठेवलेलं.

आम्हा भावांचे आवाज पहिल्यापासून सारखे. फोनवर नात्यातले लोक फसायचे. मी ठरवलं, आपणच भरायचं. वहिनींना सांगितलं, पार्ट मिळत नाही, तीन दिवस लागतील. त्या तीन दिवसांत मी मोटरसायकलवरून दौंड ते पाटस आणि पाटस ते दौंड किती फेऱ्या मारल्या त्याला हिशेब नाही. हेल्मेटच्या आत येऊ द्या, येऊ द्या म्हणत. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना वाटलं असेल, ह्याला ओव्हरटेक करायचंय. दुकानात येऊन चाचांना ऐकवायचो. ते नाही म्हणून मान हलवायचे. भावाला ते ओळखत होते, त्यानं त्यांच्या टेम्पोलाही मागं उभं राहून थापा मारल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू त्याची नक्कल करतोयस. चेष्टेत करायचास ना, तशी. नक्कल नको करू. त्याला आठव, आन् मग बोल."

मी लाल बटण दाबून धरलं आणि डोळे मिटले. शेड आठवली, बादली आठवली, आबांचे चिखलात भरलेले पाय आठवले. आणि बोललो. डोळे उघडले तर चाचा माझ्याकडं बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते. "झालं," म्हणाले. "आता बंद कर. परत माझ्यासमोर काढू नको."

जीप मीच घरी नेली. अंगणात वळवून शेडमध्ये घालताना गिअर मागं टाकला. आबा बाजेवर उठून बसले. "येऊ द्या… येऊ द्या…" ते उभे राहिले, चालत गाडीच्या मागं आले. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. "आबा, सरका बाजूला…" ते तसेच उभे. एक श्वास, दोन श्वास. मग सरकले. वहिनी पदर तोंडाशी धरून रडत होत्या. त्या दिवशी आबा दीड भाकरी जेवले आणि मी न जेवता निघून आलो. कामं आहेत म्हणालो.

पुढची दोन वर्षं मी असाच निघून येत राहिलो. त्या सर्किटला नंतर खोड लागली, चार-पाच महिन्यांनी आवाज चिरका व्हायचा, आणि मला नवी बसवून पुन्हा भरावं लागायचं. दर वेळी जास्त चांगलं जमायचं. शेवटी शेवटी आठवावंही लागत नव्हतं. घरी आधीपेक्षा जास्त जात होतो, पण गाडीपाशीच असायचो. बॉनेट उघडायचं, वायर बघायची, बॉनेट लावायचं. आबांच्या समोर बसायचो नाही. तोंड उघडलं की सापडेन ही भीती. चोराच्या मनात चांदणं. कधी आबा ओट्यावरून माझ्याकडं टक लावून बघताना दिसायचे, जणू काही विचारायचं आहे, आणि मी पाना हातात घेऊन गाडीखाली शिरायचो.

आणि इकडं दौंडला माझ्यात काहीतरी होत होतं. गिऱ्हाइकाची गाडी मागं घेताना मी मागं जाऊन उभा राहू लागलो, जे आधी कधी केलं नव्हतं. हात हलवू लागलो. एकदा गाडीच्या अंगावर दोन थापा मारल्या आणि वळून बघतो तो आमच्या गावचा एक माणूस दारात उभा, पांढराफटक. म्हणाला, "मला वाटलं…" आणि तसाच माघारी वळला. माझी बायको एकदा जेवताना म्हणाली, "तुम्ही हल्ली भावजींसारखं बोलायला लागलाय." कौतुकानं म्हणाली. मी ताट सारून उठलो. दुकानात एकटा असताना मी मुद्दाम काहीबाही बोलून बघायचो, भाव सांगायचो, शिव्या द्यायचो, की माझा आवाज कुठला ते सापडावं.

यंदा दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची वेळ, वहिनी शिरूरला कामावर, घरात आबा एकटे. बॅटरी बदलायला म्हणून मी गेलो होतो. बदलली, गाडी चालू केली, गिअर मागं टाकला. आबा नेहमीसारखे आले आणि मागं उभे राहिले. "येऊ द्या… येऊ द्या… आबा, सरका बाजूला…" मी क्लच सोडला. आरशात आबा तसेच होते. गाडी सरकत त्यांच्याकडं चालली आणि ते हलेनात. मी ब्रेक मारला. त्यांच्या धोतरात आणि बंपरमध्ये वीतभर जागा राहिली. मागून आवाज चालूच, येऊ द्या, येऊ द्या.

मी इंजिन बंद करून उतरलो. 

"सरकत न्हाई आता," आबा म्हणाले. एकवीस वर्षांत ते पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले. "लई सरकलो. दोन वरीस सरकलो."

माझा हात सवयीनं पान्याकडं गेला.

"तू काय केलंस ते मला पैल्याच दिवशी कळलं. बापाला पोराचा आवाज कळत न्हाई व्हय? म्हणलं, सुनेला कळलं तर तिचा जीव जाईल, म्हणून सरकलो. आन्…" ते बंपरवर हात टेकून उभे राहिले. "आन् म्हणलं, त्याच्या निमतानं का हुईना, हा मला आबा म्हणतुया. आज म्हणला, उद्या म्हणंल. गाडीतनं उतरून म्हणंल. रोज त्येवढ्यासाठी जेवलो मी. तू उतरायचास आन् गाडीखाली जायचास."

मला वाटलं होतं मी त्यांना मेलेलं पोरगं परत दिलं. ते जिवंत पोराची वाट बघत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

"त्यो गेला," आबा म्हणाले. "त्याला जाऊ दे. दोन वरीस त्याच्या आवाजात हाक मारलीस, आता एकदा तुझ्या आवाजात मार. मला ऐकायचाय."

मी म्हणालो, "आबा."

अंगणात भावाचा आवाज आला. तोच लांबवलेला, तोच शेवटी किंचित वर जाणारा. गाडी बंद होती. आबांनी मान हलवली. "ह्यो न्हाई. तुझा."

मी घसा खाकरला, आणि परत म्हणालो. त्यांनी परत तशीच मान हलवली.